ब्रॉडकास्ट इंजिनियरिंग: एसडीआय (केबलमधून जाणारं चित्र) शिकले, सगळं आयपी (नेटवर्कवर) झालं. आता पुढे काय शिकावं?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. इथे प्रसारणातले, नेटवर्कमधले, केबलवाले असे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

मी ऐरोलीत एका वाहिनीसमूहाच्या प्लेआउटमध्ये (वाहिनी प्रसारणासाठी बाहेर पडते तो विभाग) आहे. आधी डिप्लोमा ईअँडटीसी, मग डिग्री. नोकरीला लागले तेव्हा एमसीआरचं (मास्टर कंट्रोल रूम) काम हाताला लागायचं. रॅकच्या मागे जायचं, केबलची बीएनसी पिन पाव फेरा फिरवून काढायची, दुसरीकडे लावायची, पॅच पॅनलवर सिग्नल वळवायचा, वेव्हफॉर्म मॉनिटरवर लेव्हल बघायची. सिग्नल गेला तर केबल धरून मागे मागे जायचं, कुठे ना कुठे तो सापडायचाच.

आता नवीन मजला पूर्ण एसटी २११० वर, म्हणजे चित्र-आवाज नेटवर्कवरून नेण्याच्या मानकावर गेलाय. रॅकमध्ये स्विच, फायबर आणि लुकलुकणारे दिवे. चित्र गेलं की आमच्याआधी नेटवर्क टीमला फोन जातो. आमच्या दोन वाहिन्या तर क्लाउडवरून चालतात, त्यांचं यंत्र इमारतीत नाहीच.

या क्षेत्रात अजून बरीच वर्षं काढायची आहेत आणि मला हे काम मनापासून आवडतं. मग शिकावं काय? सीसीएनए हे नेटवर्किंगचं सर्टिफिकेट करून सरळ नेटवर्ककडे वळावं? क्लाउडची सर्टिफिकेटं घ्यावीत? की सिग्नलचं जे शिकले तेच आणखी खोलात न्यावं? माझं मत विचाराल तर सिग्नल कळणारा माणूस लागणारच. पण वरिष्ठांसमोर हे मांडायला माझ्याकडे नेमके मुद्दे नाहीत. अनुभव लिहा, प्लीज.

घोडबंदर_रोड

माझं क्षेत्र वेगळं, पण रात्री अडीचला झोप उडाली की टीव्ही लावतो आणि तो लागतो. त्यामागे ऐरोलीत कोणीतरी जागं असतं हे आज कळलं. तुमच्या रात्रपाळीला सलाम. पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत)

महापे_नेटवर्क

थोडं परखड लिहितो, राग मानू नका. नेटवर्क शिका. आजच सुरू करा.

एसडीआयमध्ये एका एचडी चित्राला १.४८५ गिगाबिटची एक केबल, एका दिशेने, एकाच ठिकाणी. यूएचडी ५० फ्रेमला १२जी-एसडीआय लागते आणि तिचं अंतर केबलच्या जातीप्रमाणे घटत जातं. २११० मध्ये चित्र, आवाज आणि सोबतचा डेटा वेगवेगळ्या प्रवाहांत जातो. २११०-२० म्हणजे चित्र, ३० म्हणजे आवाज, ४० म्हणजे बाकीचा डेटा. कॉम्प्रेस न केलेलं १०८०आय चित्र साधारण एक गिगाबिट घेतं, यूएचडी ५० फ्रेम आठ गिगाबिटच्या वर. २५ गिगाबिटच्या एका पोर्टमधून अशी दोन यूएचडी चित्रं आरामात जातात, तीही दोन्ही दिशांना. फक्त आवाज हवा असेल तर चित्र न उचलता आवाज घेता येतो. पूर्वी त्यासाठी चित्रातून आवाज वेगळा काढणारे डी-एम्बेडरचे डबे लागायचे.

हे सगळं मल्टिकास्टवर चालतं, म्हणजे एकच प्रवाह मागणाऱ्या सगळ्यांना पोचतो. आयजीएमपी (कोणाला कुठला प्रवाह हवा ते कळवण्याची पद्धत), क्वेरियर (ते वेळोवेळी विचारणारा), पीआयएम, स्पाइन-लीफ रचना, बफर हे कळलं नाही तर चित्र का गेलं हे सांगता येणार नाही. मी डेटा सेंटरमधून या बाजूला आलो. वाहिन्यांच्या प्रकल्पांवर मला दिसलेली अडचण हीच आहे: ब्रॉडकास्टवाल्यांना स्विचची भीती वाटते. ती मोडा.

लोकल_८_१३

+१. आमच्या ऑफिसात टेलिफोन एक्स्चेंजच्या मंडळींचं हेच झालं. जे व्हॉइस ओव्हर आयपी शिकले ते टिकले.

नौपाडाकर

धागा वाचून राहवलं नाही. मी दूरदर्शनमधून निवृत्त झालो, वरळीला आणि बाहेरच्या ट्रान्समीटरांवरही काम केलं. महापे_नेटवर्क म्हणतात ते खरं आहे, पण त्यात अर्धीच बाजू आली.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या ट्रान्समीटरमुळे पुण्यात चित्र पोचलं. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंग आला, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला आणि मग गावोगावी लो पॉवर ट्रान्समीटर उभे राहिले. यू-मॅटिकच्या टेप गेल्या, बीटाकॅमच्या आल्या. बीटाकॅम गेलं, सर्व्हर आले. दर वेळी कोणीतरी म्हणायचं की आता इंजिनियरचं काय काम. दर वेळी काम बदललं आणि वाढलं.

ठाण्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना वरळीच्या दिशेने वळवायचा आणि खालून कोणीतरी ओरडायचं, “आलं, आलं, थांब!” डोंगराच्या बाजूच्या घरांत चित्राला सावली पडायची. सरळ येणारी लहर आणि डोंगरावर आपटून उशिरा येणारी लहर, दोन्ही पडद्यावर दिसायच्या. आम्ही त्याला भूत म्हणायचो. गंमत अशी की आजच्या डिजिटल प्रसारणाच्या डीव्हीबी-टी२ पद्धतीत तीच उशिरा आलेली लहर उपयोगी पडते. त्यात वापरलेल्या ओएफडीएम तंत्रात दर चिन्हाच्या (डेटाच्या एका तुकड्याच्या) आधी थोडी राखीव वेळ ठेवलेली असते, गार्ड इंटरव्हल. त्या वेळेच्या आत आलेली प्रतिध्वनीसारखी लहर नुकसान करत नाही. म्हणूनच एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन-तीन ट्रान्समीटर एकत्र चालवता येतात, ॲनालॉगमध्ये ते अशक्य होतं. ज्याने गच्चीवरचं भूत समजून घेतलं होतं त्याला गार्ड इंटरव्हल समजायला वेळ लागला नाही. ज्याने फक्त मेनूतला आकडा पाठ केला, तो अजून तो आकडा का बदलायचा हे विचारतो.

तेव्हा बाई, जे शिकलात ते धरून ठेवा आणि त्यावर नेटवर्क चढवा.

रात्रपाळी

काका, हे वरिष्ठांना दाखवणार आहे. धन्यवाद.

ओबी_व्हॅन

काकांच्या म्हणण्याला माझ्याकडचा एक प्रसंग जोडतो. जागेचं नाव लिहीत नाही.

आयपी केलेल्या सुविधेत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. पूर्वी जेनलॉकसाठी, म्हणजे सगळी यंत्रं एका ठेक्यावर ठेवायला, ब्लॅक बर्स्ट या संदर्भ सिग्नलची एक केबल प्रत्येक यंत्राला जायची. आता तीच वेळ पीटीपीने (घड्याळं जुळवण्याची पद्धत) नेटवर्कवरून जाते आणि एसटी २०५९ प्रमाणे कोणत्याही दोन यंत्रांच्या वेळेत एका मायक्रोसेकंदाहून जास्त फरक चालत नाही. दिंडीत टाळ शंभर असले तरी ठेका मृदंगाचा, तसं इथे ग्रँडमास्टर घड्याळाचं आहे. त्या घड्याळाला वेळ मिळते गच्चीवरच्या जीपीएस अँटेनाकडून.

त्या ठिकाणी दोन इमारती होत्या, प्रत्येकीत दोन-दोन ग्रँडमास्टर. जुलैचा पाऊस. एका इमारतीच्या मुख्य घड्याळाच्या अँटेना केबलमध्ये, गच्चीवरच्या कनेक्टरमधून पाणी शिरलं. जीपीएस तुटलं. घड्याळ आपल्या आतल्या ऑसिलेटरवर चालत राहिलं आणि हळूहळू सरकायला लागलं. खरं तर अशा वेळी दुसऱ्या घड्याळाने ताबा घ्यायला हवा. पण उभारणी करणाऱ्यांनी पहिल्या घड्याळाची प्रायॉरिटी १ हाताने कमी आकड्यावर ठेवली होती, “हेच कायम मास्टर राहू दे” म्हणून. पीटीपीचा निवडीचा नियम आधी प्रायॉरिटी १ बघतो, घड्याळाचा दर्जा त्यानंतर. त्यामुळे जीपीएस असलेलं चांगलं घड्याळ शेजारी गप्प बसलं आणि सरकणारं घड्याळ राज्य करत राहिलं.

सुरुवातीला कुणालाच काही दिसलं नाही, कारण इमारतीतली सगळी यंत्रं त्याच चुकीच्या घड्याळाच्या मागे एकत्र चालली होती. काही तासांनी शेजारच्या इमारतीतल्या स्टुडिओतून येणारी चित्रं अडखळायला लागली. नेटवर्क टीमने सगळं तपासलं. एकही पॅकेट हरवत नव्हतं, सगळे दिवे हिरवे, लाल-निळी दोन्ही (मुख्य आणि जोडीची) जाळी शाबूत. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, पॅकेट पोचत होती. ती चुकीच्या वेळी पोचत होती.

आमच्यातल्या एका जुन्या व्हिडिओ इंजिनियरने चित्राकडे बघून सांगितलं, “हे लॉक सुटल्याचं दुखणं आहे, आधी घड्याळ बघा.” त्यांना पीटीपीचे मेनू फारसे येत नव्हते. पण जेनलॉक सुटलेलं चित्र कसं वागतं हे डोळ्यात बसलं होतं. गच्चीवर जाऊन कनेक्टर उघडला तर आतलं तांबं हिरवं पडलेलं.

महापे_नेटवर्क

@ओबी_व्हॅन, उत्तम उदाहरण. एवढंच म्हणेन की नेटवर्क टीमने बाऊंडरी क्लॉकचा (वेळ पुढे देणाऱ्या स्विचचा) ऑफसेट, म्हणजे वेळेतला फरक, आणि ग्रँडमास्टरचा दर्जा, दोन्हीवर अलार्म लावायला हवा होता. म्हणजे त्यांनी थोडं प्रसारण शिकायला हवं होतं. माझा मुद्दा तुमच्या बाजूने थोडा सरकला.

ओबी_व्हॅन

लावलाय आता. आणि गच्चीवरच्या कनेक्टरला सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप. इन्सुलेशन टेप आपल्या पावसात एक हंगामही काढत नाही.

नेरूळ_पूर्व

अवांतर आहे, पण तज्ज्ञ मंडळी जमलीच आहेत तर विचारतो. २ नोव्हेंबर २०२५, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, आपल्या डी. वाय. पाटीलवर. आम्ही खिडकी उघडी ठेवून घरात टीव्ही बघत होतो. दीप्ती शर्माच्या चेंडूवर हरमनप्रीतने डी क्लर्कचा झेल घेतला तेव्हा आधी स्टेडियमचा आवाज खिडकीतून आला. मग आमच्या केबलवर झेल दिसला. भाच्याच्या मोबाइलवर गोलंदाज तेव्हा रनअपच घेत होती! आई म्हणाली, “एकाच विश्वचषकाचा आनंद तीनदा झाला.” पण हे होतं कशामुळे? स्टेडियम तर हाकेच्या अंतरावर.

घोडबंदर_रोड

आमच्याकडे शेजारच्या विंगमधले फटाके आधी, विकेट नंतर. आता फटाके वाजले की मी चहा खाली ठेवून पडद्याकडे बघतो.

रात्रपाळी

@नेरूळ_पूर्व, त्या दिवशी मी ड्युटीवर होते, त्यामुळे हे उत्तर आनंदाने देते.

मैदानातून चित्र ओबी व्हॅनमध्ये (मैदानाबाहेर उभी असलेली प्रसारणाची गाडी), तिथून प्रॉडक्शन केंद्रात, तिथे ग्राफिक्स, कॉमेंट्री, मग प्लेआउट, मग एन्कोडर, मग उपग्रह. लोकांना वाटतं उपग्रहामुळे उशीर होतो. तसं नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर आहे, वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंदच लागतो. उशीर करतो एन्कोडर, चित्र कॉम्प्रेस करणारं यंत्र. कॉम्प्रेशनसाठी त्याला पुढच्या-मागच्या फ्रेम एकत्र बघाव्या लागतात. त्यात हेडएंडवर (केबलवाल्यांचं सिग्नल घेण्याचं केंद्र) पुन्हा एन्कोडिंग होतं, सेट-टॉप बॉक्सही थोडं साठवतो. असे काही सेकंद जमतात.

मोबाइलवर चित्र तुकड्यांत जातं. एचएलएस या स्ट्रीमिंगच्या पद्धतीत सहा सेकंदांचा तुकडा नेहमीचा. प्लेअर दोन-तीन तुकडे हातात आल्याशिवाय सुरू होत नाही, कारण मध्येच नेट अडलं तर चित्र थांबू नये. तिथेच वीसेक सेकंद गेले. आता लो-लेटन्सी एचएलएस आणि सीमॅफमध्ये तुकड्याचेही बारीक भाग करून तयार होतील तसे पाठवतात, त्यामुळे अंतर पुष्कळ कमी होतं. पण जितका साठा कमी तितकं लोकलमध्ये चित्र अडकण्याचं भय जास्त. ऐरोली ते ठाणे प्रवासात मी स्वतः साठा मोठा असलेलाच पर्याय निवडते.

केबलवाला_कोपरखैरणे

ताईंनी केबलचं नाव घेतलं म्हणून येतो.

आमच्या धंद्यात लोकांना वाटतं आपण तारा ओढणारे. पण तंत्र आम्हीही बदलत गेलो. मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर ॲनालॉग बंद झालं, पुढच्या टप्प्यात आपल्याकडे. तेव्हा घरोघर बॉक्स लावत फिरलो. खांबावरचे ॲम्प्लिफायर पावसात मरायचे, रात्री दोनला फोन यायचा. आता कोॲक्सच्या जागी फायबर टाकलं. एकाच फायबरमधून इंटरनेट खाली १४९० नॅनोमीटरवर, वर १३१० वर आणि टीव्ही वेगळा १५५० वर. ग्राहकाच्या घरी पेटीत तिन्ही वेगळे होतात. मधे वीज लागणारं काही नाही, त्यामुळे पावसाळ्यातल्या तक्रारी कितीतरी कमी झाल्या.

खरं दुखणं वेगळंच आलं. २०२२ मध्ये ५जीसाठी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा लिलाव झाला आणि सेवा सुरू झाली. वाहिन्या आम्हाला सी-बँडवर येतात, ३७०० ते ४२०० वर. आमचे जुने एलएनबी, डिशवर सिग्नल पकडणारे डबे, ३४०० पासून सगळं ऐकतात. शेजारच्या इमारतीवर ५जीचा अँटेना लागला आणि माझ्या डिशवरच्या काही वाहिन्यांचे चौकोन चौकोन व्हायला लागले. उपग्रहाचा सिग्नल इतका अशक्त असतो की ५जीपुढे एलएनबीच भांबावून जातो. डिशच्या तोंडाशी बँडपास फिल्टर बसवला, एलएनबी अरुंद बँडचा घेतला, डिशला बाजूने जाळीचा आडोसा केला. तेव्हा कुठे चित्र सुधारलं.

ताई, आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींचं काम, विसरू नका. हेडएंडवर येणाऱ्या नव्या पोरांना स्विच लावता येतो, पण स्पेक्ट्रम ॲनलायझर हातात दिला की कुठला बटण दाबू विचारतात.

नौपाडाकर

@केबलवाला_कोपरखैरणे, अगदी. आणि सी-बँड सोडून सगळं केयू-बँडवर न्या म्हणणाऱ्यांनी आपला पाऊस बघावा. १२ गिगाहर्ट्झवर कोकणातला मुसळधार पाऊस सिग्नल गिळतो, डीटीएचवाल्यांना हे दर जुलैत दिसतं. ४ गिगाहर्ट्झला पावसाचं फारसं काही वाटत नाही. वितरणासाठी सी-बँड टिकून राहिला त्याचं हे मोठं कारण.

वृत्त_कॅमेरा

बातम्यांच्या बाजूने थोडं. पूर्वी कळव्याला पाणी भरलं तर उपग्रहाला चित्र पाठवणारी डीएसएनजी व्हॅन तिथवर न्यायची म्हणजे निम्मी लढाई. आता पाठीवर एक पिशवी. तिच्यात चार-सहा सिमकार्डं, सगळ्यांचा वेग एकत्र करून चित्र पाठवते. जिथे माणूस चालत जाऊ शकतो तिथून लाइव्ह. पण मोठ्या सभेत, गर्दीत सगळ्यांचे मोबाइल एकाच टॉवरवर असतात तेव्हा पिशवी हात टेकते. अशा वेळी अजून व्हॅनच कामाला येते. नेट बरं असेल तर एसआरटी ही चित्र पाठवायची पद्धत वापरतो, हरवलेली पॅकेट ते परत मागवतं. फक्त लेटन्सीचा आकडा रस्ता बघून ठेवावा लागतो. फार कमी ठेवला की परत मागवायला वेळच उरत नाही.

सानपाड्याची_आजी

तुमचं बरंचसं मला कळलं नाही, पण वाचायला छान वाटतंय. माझा एक प्रश्न आहे. मालिकेतली माणसं बोलतात ते ऐकू येत नाही, मागचं संगीत मात्र धाडधाड. जाहिरात लागली की कानठळ्या. रिमोट हातातून खाली ठेवता येत नाही. यावर काही तंत्र निघालंय का?

आवाज_खोली

आजी, निघालंय, आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी जाहिरातींचं. पूर्वी आवाजाची मर्यादा शिखरावर मोजायचे. जाहिरात करणारे शिखर मर्यादेतच ठेवायचे, पण मधले सगळे हळू आवाज उचलून शिखराजवळ आणायचे. मीटरवर दोन्ही सारखे, कानाला जाहिरात दुप्पट. म्हणून लाउडनेस मोजायची पद्धत आली, जी कानाच्या जवळ जाते. युरोपात ईबीयू (प्रसारकांची संघटना) आर १२८ प्रमाणे २०१० पासून पूर्ण कार्यक्रमाची पातळी उणे २३ एलयूएफएस (लाउडनेसचं एकक) धरतात, अमेरिकेत उणे २४. प्लेआउटला मोजणी नीट असेल तर कार्यक्रम आणि जाहिरात एका पातळीवर येतात. हे यंत्र महाग नाही. चिकाटी लागते, प्रत्येक फाइल आत घेतानाच मोजायची.

संवादांचं मात्र वेगळं आहे. मिक्स करताना आम्ही चांगल्या स्पीकरवर ऐकतो. तुमच्या घरी पातळ टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड केलेले. संवाद तिथेच हरवतो. डॉल्बी एसी-४ आणि एमपीईजी-एच या नव्या पद्धतींत संवाद वेगळा पाठवता येतो, म्हणजे तुम्ही तुमच्या रिमोटवर फक्त बोलणं वाढवू शकाल आणि संगीत आहे तिथेच राहील. माझ्या मते गेल्या दहा वर्षांतली घरच्या प्रेक्षकाला खरोखर उपयोगी पडणारी ही सुधारणा आहे. ८के वगैरेपेक्षा कितीतरी जास्त.

लोकल_८_१३

८के बद्दल पूर्ण सहमत. आमच्या हॉलची लांबी बघता ४के आणि एचडीतला फरक मला सोफ्यावरून दिसत नाही.

रात्रपाळी

@आवाज_खोली, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे फाइल आत घेताना लाउडनेस तपासतो, पण संवाद वेगळे ठेवायचे तर मिक्सपासूनच तसे यायला हवेत ना?

आवाज_खोली

हो, तिथूनच. मालिका करणाऱ्यांनी संवादाचा ट्रॅक वेगळा द्यायला हवा. तो प्रत्येकाकडे असतोच, डबिंगसाठी ठेवतात. फक्त वाहिनीने मागायला हवा.

नौपाडाकर

आता मला आशा वाटते त्या विषयावर येतो: डायरेक्ट टू मोबाइल. सिमकार्ड नको, डेटा नको, ट्रान्समीटरवरून थेट फोनवर टीव्ही. आयआयटी कानपूर, सांख्य लॅब्स आणि प्रसार भारती यांनी एटीएससी ३.० या प्रसारणाच्या मानकावर काम केलंय, दिल्ली आणि बेंगळुरूत चाचण्या झाल्या. ५२६ ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा यासाठी चर्चेत आहे. दक्षिण कोरियात २०१७ पासून एटीएससी ३.० वर यूएचडी प्रसारण चालू आहे, म्हणजे तंत्र कागदावरचं नाही.

२०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला एका ॲपवर एकाच वेळी ५.९ कोटी लोक होते. त्या प्रत्येकासाठी वेगळा प्रवाह धावत होता. ट्रान्समीटरला एक माणूस बघो की एक कोटी, वीज तेवढीच लागते. पुरात, वादळात मोबाइलचे टॉवर बसतात तेव्हा एक उंच मनोरा पूर्ण जिल्ह्याला सूचना देऊ शकतो. २६ जुलै २००५ ज्यांनी ठाण्यात काढलाय त्यांना याची किंमत सांगायला नको.

महापे_नेटवर्क

काका, भावना समजते, पण फोनमध्ये त्यासाठी वेगळी चिप आणि अँटेना लागेल. फोन बनवणारे ते स्वतःहून घालणार नाहीत आणि मोबाइल कंपन्यांनाही डेटा विकायचाय. शिवाय ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा त्यांनाही हवी असते. इमारतीच्या आत, लिफ्टमध्ये, बोगद्यात सिग्नल पोचवायला ट्रान्समीटरची घनता बरीच वाढवावी लागेल. मला हे अवघड वाटतं.

नौपाडाकर

अवघड आहेच. एफएम रेडिओ फोनमध्ये यायलाही आग्रहच धरावा लागला. पण आपत्तीच्या सूचनेपुरतं तरी व्हावं असं मला फार वाटतं. सबंध देशाने एकाच प्रकारच्या जाळ्यावर विसंबू नये.

महापे_नेटवर्क

आपत्तीच्या मुद्द्याला अनुमोदन. बाकी मतभेद कायम.

जुनी_कॅसेट

एवढ्या चर्चेत संग्रहाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी टेप डिजिटायझेशन करते. बीटाकॅमचे डेक आता नवीन मिळत नाहीत. कॅसेट आहे पण वाजवायला डेक नाही, डेक आहे पण हेड झिजलेलं, अशी अवस्था. बुरशी लागलेली टेप मी आधी बाहेरून कोरडी पुसते, मग हातानेच हळू पुढे-मागे फिरवते. चिकटलेली जाणवली तर डेकमध्ये घालतच नाही. एकदा हेडला काळा थर बसला की पुढची चांगली कॅसेटही खराब होते.

आणि डिजिटल केलं म्हणजे सुटलो असंही नाही. एलटीओ या डेटा साठवायच्या टेपच्या पिढ्या असतात, आणि एलटीओ-८ ची ड्राइव्ह फक्त ७ आणि ८ च्या टेप वाचते. एलटीओ-५ वर भरून कपाटात ठेवलेल्यांनी वेळेत पुढच्या पिढीवर नेलं नाही तर तिचीही गत बीटाकॅमचीच. @रात्रपाळी, शिकण्याच्या यादीत हे घ्या. मराठीतलं कितीतरी चित्रण अजून कपाटांत आहे आणि ते सोडवणारे हात फार थोडे आहेत.

रात्रपाळी

@जुनी_कॅसेट, आमच्याकडेही अशी एक खोली आहे. तुमच्याशी निरोपातून बोलते.

बाकी सगळ्यांचे प्रतिसाद पुन्हा वाचले. मी असं ठरवलंय: मल्टिकास्ट आणि पीटीपी आधी, तेही प्रत्यक्ष हाताने करून. नुसत्या सर्टिफिकेटसाठी अभ्यास करणार नाही. क्लाउड त्यानंतर. आरएफ सुटू द्यायचं नाही. केबलवाले दादा, तुमच्या हेडएंडवर एक दिवस आले तर चालेल का? आणि वरिष्ठांना ओबी_व्हॅन यांचा घड्याळाचा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, आपल्या घड्याळाची प्रायॉरिटी काय आहे ते बघ. बघितली. दोन्हीकडे सारखी नव्हती. आता बदलाचा अर्ज टाकलाय.

घरी सराव करायचा तर काय लागेल?

महापे_नेटवर्क

दोन छोटे लिनक्स संगणक आणि आयजीएमपी स्नूपिंग (मागेल त्याच पोर्टला प्रवाह देण्याची सोय) असलेला जुना मॅनेज्ड स्विच. लॅमिंग्टन रोडला वापरलेला मिळेल. लिनक्सपीटीपी घाला, एक संगणक मास्टर करा, दुसऱ्याचा ऑफसेट बघा. नेटवर्क कार्ड हार्डवेअर टाइमस्टॅम्प देतं की नाही ते आधी तपासा, नाहीतर आकडे उड्या मारतील. मग मुद्दाम मल्टिकास्ट प्रवाह सोडा, स्नूपिंग बंद करा आणि स्विचच्या सगळ्या पोर्टांवर काय होतं ते वायरशार्क या पॅकेट बघायच्या साधनात बघा. २११० चे नमुने तपासायला ईबीयूचं लिस्ट हे साधन फुकट आहे. क्वेरियर बंद करून किती वेळाने चित्र जातं ते नक्की बघा, ते बघितलं की पुढे कधी विसरणार नाही.

ओबी_व्हॅन

आणि प्रायॉरिटी १ बदलून माझा प्रसंग घरी घडवून आणा. पावसाची गरज नाही, अँटेनाची केबल काढली की झालं.

केबलवाला_कोपरखैरणे

ताई, कधीही या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आलात तर सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो, दुपारी काही मिनिटं चित्र जातं, तेव्हा ॲनलायझरवर नॉइज कसा वर चढतो ते दाखवतो. मार्चमध्येही दिसतं. जेवायला थांबायचं, आमच्याकडे बोंबील असतो.

सानपाड्याची_आजी

केबलवाले, माझा टीव्ही आहे ना, तो भिंतीला चिकटवलाय. आवाजवाल्यांनी सांगितलं स्पीकर मागे असतात. तुम्ही माणूस पाठवून तो थोडा पुढे घेऊन द्याल का? आणि सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करायचं काही असेल तर तेही.

केबलवाला_कोपरखैरणे

आजी, सानपाडा आमच्याकडे नाही, पण तिथला ऑपरेटर ओळखीचा आहे. सेक्टर निरोपात कळवा, उद्या पाठवतो. सेटिंगमध्ये आवाजाच्या मेनूत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तसंच काही असेल, तो चालू करून देईल.